तिसरी तार

आठवडी बाजार उठला की नेकनूर लवकर शांत होतं. बाजाराला आलेले टेंपो मांजरसुंब्याच्या दिशेनं निघून जातात. बंकटस्वामींच्या संस्थानाकडून येणारा टाळांचा आवाज हळूहळू विरतो. अशाच एका रात्री माझ्या पुतण्यानं विमान समुद्रात घातलं. सलग एकोणिसावं.

"बुडालं का आणखी?" आईनं दारातून विचारलं.

"बुडालं, आजी. पण ह्या बारीला सरळ रेषेत बुडालं."

ते वाक्य मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. आधीच्या अठरा वेळा विमान कधी जहाजाच्या डावीकडे गेलं होतं, कधी उजवीकडे, दोनदा थेट जहाजाच्या मागच्या भिंतीवर आदळलं होतं. एकोणिसाव्या वेळी ते बरोबर रेषेत होतं, फक्त खाली होतं. एक चूक कमी झाली होती, आणि ते त्याला स्वतःलाच कळलं होतं. मी गावाकडच्याच एका शाळेत गणित शिकवतो. पोराला स्वतःची चूक कमी झालेली दिसणं ही वर्गात किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे मला चांगलं माहीत आहे.

पुतण्या बीडला अकरावी सायन्सला आहे. त्यानं समुद्र पाहिलेला नाही. नेकनूरपासून मुंबईचा किनारा सुमारे चारशे किलोमीटरवर. जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड आणि अहिल्यानगरदरम्यान पहिली प्रवासी रेल्वे धावली तीच १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. आणि ह्या पोरानं एका जुन्या लॅपटॉपवर शिकायला घेतलं होतं ते वैमानिकाच्या कामातलं सर्वांत अवघड काम : चालत्या जहाजावर विमान उतरवणं. ह्या दिवाळीआधीचे तीन महिने मी त्याच्या शेजारी बसलो, स्वतःही शिकलो, आणि हा विषय मुळातून वाचून काढला.

शंभर मीटर आणि दोन सेकंद

विमानवाहू युद्धनौका लांबून प्रचंड वाटते. आपली आजची आयएनएस विक्रांत २६२ मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे, आयएनएस विक्रमादित्य २८४ मीटर लांब. पण लढाऊ विमानाला जमिनीवर धावपट्टी लागते ती दोन-अडीच किलोमीटरची. जहाजावर तेच विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगानं येतं आणि साधारण शंभर मीटरांत, दोन-तीन सेकंदांत थांबतं. शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत जिथं सुरू होते आणि जिथं संपते, तेवढ्यात.

ते थांबतं तारांमुळे. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. निमित्झ वर्गाच्या बहुतेक अमेरिकी जहाजांवर चार, आपल्या विक्रमादित्य आणि विक्रांतवर तीन. दोन तारांमध्ये अंतर बारा मीटरांच्या आसपास. विमानाच्या शेपटीखाली लोखंडी हुक असतो, तो यातल्या एका तारेत अडकला पाहिजे. अमेरिकी पद्धतीत तिसरी तार पकडली तर लँडिंग उत्तम. पहिली पकडली तर तुम्ही धोकादायक खाली आला होतात.

आणि इथली सर्वांत महत्त्वाची रीत अशी, की चाकं डेकला टेकली त्याच क्षणी वैमानिक थ्रॉटल पुढं लोटतो, इंजिनाला पूर्ण ताकद देतो. जमिनीवर उतरणारा वैमानिक ताकद कमी करतो, इथं उलट. कारण हुक तारेत अडकला की नाही, हे कळेपर्यंत डेक संपलेला असतो. अडकला असेल तर तार विमानाला धरतेच. नसेल अडकला, तर पूर्ण ताकदीवर विमान पुन्हा हवेत जातं, फेरी मारतं आणि परत येतं. अशा हुकलेल्या लँडिंगला बोल्टर म्हणतात. चुकेल हे धरूनच प्रत्येक लँडिंगची तयारी असते. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी लॅपटॉपचं झाकण मिटून बराच वेळ बसून राहिलो.

वाळूच्या पोत्यांपासून

ही विद्या आली कुठून? १८ जानेवारी १९११ रोजी यूजीन एली नावाच्या अमेरिकी वैमानिकानं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत नांगरलेल्या 'पेनसिल्व्हेनिया' युद्धनौकेवर विमान उतरवलं. जहाजावर लाकडी फळ्यांचा मंच ठोकला होता. त्यावर आडवे दोर टाकले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती बांधली होती. विमानाच्या आकड्यांत दोर अडकले, पोती घासत गेली, विमान थांबलं. आजच्या पोलादी तारांचं मूळ ह्या पोत्यांत आहे.

ते जहाज उभं होतं. चालत्या जहाजावर पहिल्यांदा उतरला तो ब्रिटनचा एडविन डनिंग, २ ऑगस्ट १९१७ रोजी, 'फ्युरियस'वर. डेकवरच्या माणसांनी धावत जाऊन विमानाचे पट्टे हातांनी पकडले. पाचच दिवसांनी, ७ ऑगस्टला, पुन्हा उतरताना विमान बाजूला घसरून समुद्रात पडलं आणि डनिंग बुडून मेला.

पुढची चाळीस वर्षं ह्या विद्येनं फार माणसं घेतली. डेकच्या टोकाला उभा राहून हातातल्या बॅटी वरखाली करणारा अधिकारी वैमानिकाला खुणा करायचा. जेट विमानं आली तेव्हा वेग इतका वाढला की हातांच्या खुणा अपुऱ्या पडल्या. मग १९५१च्या सुमारास ब्रिटिश नौदलातल्या दोन माणसांनी दोन साध्या कल्पना मांडल्या. डेनिस कॅम्बेल यांनी उतरायची पट्टी जहाजाच्या रेषेपासून थोडी तिरकी करायचं सुचवलं, म्हणजे तार हुकली तर विमान पुढं उभ्या केलेल्या विमानांवर न आदळता मोकळ्या समुद्रावर निघून जाईल. निकोलस गुडहार्ट यांनी आरसा आणि दिवे वापरून वैमानिकाला त्याची उंची दाखवायची युक्ती काढली.

त्या आरशाचीच पुढची आवृत्ती आज पुतण्याच्या स्क्रीनवर आहे. मधोमध एक पिवळसर दिवा, दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची आडवी ओळ. पिवळा दिवा हिरव्या ओळीच्या वर दिसला तर तुम्ही जास्त उंच आहात, खाली दिसला तर कमी. फारच खाली गेलात तर तो लाल होतो. त्या दिव्याला वैमानिक बॉल म्हणतात. पुतण्याही आता तेच म्हणतो.

विक्रांत, बजाज आणि दाबोळी

आपल्याकडे ही विद्या १९६१ साली आली. जुनी विक्रांत त्या वर्षी ४ मार्चला बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली. १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम तहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं. हेच तहिलियानी पुढं नौदलप्रमुख झाले. नोव्हेंबरमध्ये विक्रांत मुंबईला आली. १९७१च्या युद्धात ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. त्या प्रत्येक विमानाला परतीला त्याच छोट्या डेकवर उतरायचं होतं.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत तिचं संग्रहालय होतं, ते २०१२ साली बंद झालं आणि २०१४ साली जहाज तोडायला घेतलं. तिचं काही पोलाद बजाज ऑटोनं विकत घेतलं आणि २०१६ साली 'व्ही' नावाची मोटारसायकल बाजारात आणली, पेट्रोलच्या टाकीत त्या पोलादाचा अंश घालून. नेकनूरच्या बाजारात आजही एखादी व्ही उभी दिसते. मी पुतण्याला तिच्या टाकीवर हात ठेवायला लावला. ज्या जहाजावर सी हॉक उतरायची, त्यातलं थोडं पोलाद आपल्या गावात आहे, हे त्याला मनापासून पटलं.

आज आपले जहाजावरचे लढाऊ वैमानिक घडतात ते गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर. दाबोळी विमानतळावर येणारे प्रवासी ज्या धावपट्टीवर उतरतात तीच ही धावपट्टी. तळावर विमानवाहू जहाजाचा डेक जमिनीवर उभा केलेला आहे : उड्डाणासाठी वर जाणारी चढण आणि उतरण्यासाठी आडव्या तारा. समुद्रावर जाण्याआधी वैमानिक इथं घासून तयार होतो. इथं डेक हलत नाही आणि चारी बाजूंनी पाणी नाही, एवढाच फरक.

ह्याच तळावर एका मराठी आडनावाच्या अधिकाऱ्यानं इतिहास घडवला. नौदलासाठी बनवलेल्या तेजस विमानानं २० डिसेंबर २०१४ रोजी गोव्याच्या त्या चढणीवरून पहिल्यांदा झेप घेतली तेव्हा चालवत होते कमोडोर जयदीप मावळंकर. १३ सप्टेंबर २०१९ रोजी ह्या विमानानं त्याच तळावर पहिल्यांदा तार पकडली. आणि ११ जानेवारी २०२० रोजी मावळंकर यांनी ते विक्रमादित्यच्या डेकवर उतरवलं. जमिनीवरच्या पहिल्या तारेपासून समुद्रावरच्या पहिल्या तारेपर्यंत चार महिने लागले. त्याआधीची तयारी मात्र कित्येक वर्षांची होती, कारण ह्या विमानाचं पहिलं उड्डाण झालं होतं २७ एप्रिल २०१२ रोजी. तेही मावळंकर यांच्याच हातून.

नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात आली. त्याच समारंभात नौदलाला छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला नवा ध्वज मिळाला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तिच्यावर तेजस आणि मिग-२९के ही विमानं पहिल्यांदा उतरली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मिग-२९के रात्रीच्या अंधारात उतरलं.

दांडा नव्हे, थ्रॉटल

आता आमच्या लॅपटॉपकडे येतो. जहाजावर उतरायचे खेळ बरेच आहेत. डीसीएस वर्ल्ड हा फार बारकाईचा खेळ, त्यात अमेरिकी हॉर्नेट विमान आणि जहाजावरचे सगळे रीतिरिवाज आहेत, पण त्याला महागडा संगणक लागतो. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाईट सिम्युलेटरमध्ये २०२२ साली टॉप गन चित्रपटाच्या निमित्तानं जहाज आलं. मोबाईलवरही इटलीच्या रॉर्टोस कंपनीचे जहाजावर उतरण्याचे खेळ आहेत. आम्ही निवडला फ्लाईटगियर. तो पूर्ण फुकट आहे. जगभरच्या लोकांनी १९९६पासून मिळून तो घडवला आहे आणि त्याचा प्रोग्राम कुणालाही उघडून वाचता येतो. त्यात निमित्झ जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याजवळ फिरत असतं, म्हणजे एलीनं जिथं वाळूच्या पोत्यांवर विमान थांबवलं त्याच परिसरात. आणि नवशिक्यांना जहाजावर उतरायला त्यात जे विमान सुचवलेलं आहे, ते आहे सी हॉक. विक्रांतवरचं सी हॉक.

पहिला धडा थ्रॉटलचा. नवशिक्या माणूस विमान खाली जातंय असं दिसलं की दांडा मागं ओढतो, म्हणजे नाक वर करतो. उतरण्याच्या कमी वेगात त्याचा परिणाम उलटा होतो. नाक वर गेलं की हवेचा विरोध वाढतो, वेग पडतो आणि विमान आणखी खाली बसतं. पुतण्याची पहिली आठ-दहा विमानं अशीच बुडाली. खरी पद्धत अशी, की दांड्यानं नाकाचा कोन धरून ठेवायचा आणि उंची थ्रॉटलनं सांभाळायची. बॉल खाली सरकला की थोडी ताकद, वर सरकला की थोडी कमी. त्याच्या बोटांना हे शिकायला दोन आठवडे लागले. डोक्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

दुसरा धडा रेषेचा. उतरायची पट्टी तिरकी, निमित्झवर सुमारे नऊ अंशांची, आणि जहाज तर पुढं चाललेलं. त्यामुळे वैमानिकाला पट्टी सतत उजवीकडे सरकताना दिसते. समोर दिसतंय तिथं जात राहिलात तर तुम्ही डावीकडे राहता. थोडं थोडं उजवीकडे येत राहावं लागतं, शेवटपर्यंत. इथं पुतण्या अडला. दुरुस्ती करायचा ती मोठी, मग उलट मोठी, आणि विमान दोन्ही बाजूंना झोके घेत जहाजावर यायचं.

ह्यावर उत्तर दिलं ते त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं. भाऊ ट्रॅक्टर चालवतो. हंगामात ऊस वाहायला कारखान्यावर जातो. एका रात्री तो मागं उभा राहून बघत होता. पुतण्यानं चौथ्यांदा विमान डेकच्या बाजूला घातलं तसा तो पुढं आला.

"कारं, ट्रॉली मागं घेताना काय करतूस? वाकडी व्हायला लागली की लगीच थोडं स्टेअरिंग द्यायचं. वाकडी दिसोस्तवर थांबलास की मग कितीबी फिरव, ती मोडतीच."

पुतण्या काही बोलला नाही. पुढच्या बारीला त्यानं दांड्याला दोन बोटं लावली, मूठ नाही. हात सतत हलत होता, पण इतका थोडा की विमान स्थिर वाटत होतं. शेवटचे पंधरा-अठरा सेकंद, ज्यात खरा वैमानिक बॉल, रेषा आणि कोन या तीनच गोष्टी आळीपाळीनं पाहतो, त्यात पहिल्यांदाच घरात कुणी बोललं नाही. चाकं टेकली. त्यानं थ्रॉटल पुढं लोटला. तार हुकली. विमान डेकवरून सुटलं, पाण्यावर थोडं खाली बसलं आणि वर निघालं.

"गेलं का?" आईनं विचारलं.

"नाही आजी. परत येतंय."

वहीत त्या दिवशीची नोंद आहे : एकेचाळिसावी खेप, बोल्टर, विमान शाबूत. पहिली तार त्यानं पकडली त्रेपन्नाव्या खेपेला. ती पहिली तारच होती, म्हणजे तो जास्त खाली आला होता. त्यानंच मला सांगितलं, "काका, हे लिहा, पण बरोबर म्हणून लिहू नका." तिसरी तार लागली ती शहाण्णवाव्या खेपेला.

भात्यावर चालणारं विमान

खोट्या विमानात शिकून खरं विमान चालवता येतं का, हा प्रश्न गावात मला अनेकांनी विचारला. त्याचं उत्तर जुनं आहे. १९२९ साली एडविन लिंक नावाच्या अमेरिकी तरुणानं पहिला चालता विमान-सिम्युलेटर बनवला. त्याच्या वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा. कीर्तनातल्या पेटीला असतात तसे भाते लिंकनं एका लाकडी डब्याखाली बसवले, आणि दांडा हलवला की हवा भरून तो डबा कलायचा, वळायचा. सुरुवातीला तो जत्रेतल्या गमतीसाठी विकला गेला. १९३४ साली अमेरिकी लष्करी वैमानिक खराब हवेत टपाल नेताना मरायला लागले, तेव्हा लष्करानं असे सहा डबे विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक ह्यांवर शिकले.

आज आपलं नौदलही तेच करतं. २८ एप्रिल २०२५ रोजी भारतानं फ्रान्सशी २६ राफेल-मरीन विमानांचा करार केला. त्यात शस्त्रं आणि प्रशिक्षणासोबत सिम्युलेटरही आहे. विमानाबरोबर चुकायची जागाही विकत घ्यावी लागते, हे नौदलाला माहीत आहे.

म्हणून आमच्या लॅपटॉपवरचा खेळ म्हणजे नौदलाचं प्रशिक्षण, असा गैरसमज मात्र कुणी करून घेऊ नये. स्क्रीनवर तार पकडली की अंगाला काही होत नाही. खऱ्या वैमानिकाचं सगळं शरीर त्या झटक्यानं पट्ट्यांवर आदळतं. जहाजाच्या मनोऱ्यामागं हवेचा भोवरा तयार होतो आणि शेवटच्या क्षणी विमान खाली ओढतो. पावसात, रात्री, लाटांवर डेक मीटर-मीटर वरखाली होतो. टाकीतलं इंधन संपत आलेलं असतं. डेकवर उभा असलेला लँडिंग सिग्नल ऑफिसर प्रत्येक उतरण्याला शेरा देतो आणि तो शेरा सगळ्यांसमोर वाचला जातो. आणि डनिंगसारखा शेवट कुणाचाही होऊ शकतो. हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. ह्या कामाबद्दल आदर वाटला नाही तर खेळून शिकलेलं सगळं वाया जाईल, असं मला वाटतं.

पण खेळ एक गोष्ट देतो, जी ह्या भागातल्या पोरांना फार कमी मिळते : फुकट चुकायची मुभा. दसरा झाला की आमच्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-बापामागं पोरं जातात आणि शाळा सुटते ती सहा महिने. एखादी परीक्षा चुकली की वर्ष जातं. वर्ष गेलं की पोरगा ट्रॉलीवर बसतो आणि पोरीचं लग्न ठरतं. चुकायला इथं जागाच नाही. पंचाण्णव वेळा चुकून एकदा बरोबर येण्याची सोय ज्या मुलाला मिळाली, तो पुढच्या चुकीला घाबरत नाही. पुतण्याचे गणितातले गुण वाढले असं मी म्हणणार नाही. पण तो आता उत्तर चुकलं की वही मिटत नाही. कुठं चुकलं ते शोधतो. तीन महिन्यांत मी हे डोळ्यांनी पाहिलं.

वाचकांना

घरात पोरगं मोबाईलवर किंवा संगणकावर विमान उडवत असेल तर एकदा शेजारी बसा. "काय खेळायलास?" एवढंच विचारू नका, विमान का पडलं ते विचारा. ते कारण सांगू लागलं तर त्याचं शिक्षण सुरू झालं आहे, असं समजा. ज्या शाळांमध्ये संगणकखोली आहे आणि दुपारनंतर कुलूप लावून ठेवलेली आहे, तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे : एका संगणकावर फ्लाईटगियर टाका, तो फुकट आहे, आणि भिंतीला एक वही लटकवा, ज्यात प्रत्येक मूल आपली चूक स्वतःच्या अक्षरात लिहील.

आणि ज्यांना खरोखर तिथं जायचं आहे, त्यांच्यासाठी वाट आहे. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयार करते, आणि मुलींसाठी तशी संस्था आता नाशिकला आहे. खडकवासल्याच्या एनडीएमधून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. त्याच वर्षी ३ जुलैला सब लेफ्टनंट आस्था पुनिया यांची नौदलाच्या लढाऊ विमानांसाठी निवड झाली, तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या महिला. नौदलासाठी एनडीएला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पुतण्यानं अर्जाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, तिसऱ्या तारेच्या नोंदीच्या वर.